मीटर कुणाचं?

ऐंशीच्या दशकात जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावरून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना उघड्या चासी नक्की आठवत असतील. दोन लांब पोलादी पट्ट्या, त्याखाली चाकं, पुढे इंजिन आणि त्याच्यामागे साध्या फळीवर किंवा खोक्यावर बसलेला एक माणूस. डोक्याला पंचा गुंडाळलेला, डोळ्यांवर गॉगल. छप्पर नाही, दार नाही, समोर काच नाही. पिंपरीच्या टेल्कोतून निघालेली ही अर्धी गाडी असायची. उरलेली अर्धी कुठेतरी दुसरीकडे, बॉडी बांधणाऱ्याच्या शेडमध्ये तयार व्हायची.

त्या माणसासमोर दोनच गोष्टी पूर्ण झालेल्या असत: स्टेअरिंग आणि त्यामागच्या पत्र्यावर बसवलेलं मीटर. वेग, डिझेल, इंजिनचं तापमान, तेलाचा दाब आणि दोन-चार दिवे. कारखान्यानं मीटर दिलं, पण ते बघणारे डोळे किती उंचीवर असतील, हे कारखान्याला ठाऊक नव्हतं. सीट किती उंच, काच किती तिरकी, मीटरवर सावली कशाची पडेल, हे सगळं बॉडीवाला ठरवणार. आणि बॉडीवाल्याच्या हाती मीटर आयतंच आलेलं, त्यामुळे त्यानं त्याचा विचार करायचं कारण नाही. गेली साठ वर्षं या पट्ट्यात 'मीटर नीट दिसत नाही' ही तक्रार नेमकी या फटीत पडत आली आहे. मी काही वर्षं भोसरीत मीटर बनवणाऱ्या एका पुरवठादाराकडे काम केलं, त्यामुळे ही फट मला खालून दिसली.

टाटांचा पुण्याचा कारखाना १९६६ सालचा. वाहनं तपासणारी एआरएआय ही संस्थाही त्याच वर्षी पुण्यात उभी राहिली, वेताळ टेकडीवर. पुण्याच्या कारखान्यातून पहिलं व्यापारी वाहन बाहेर पडलं ते १९७७ साली. पिंपरीहून हाकेच्या अंतरावर दापोडी आणि दापोडीला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा. (दुसऱ्या दोन चिकलठाण्याला आणि नागपूरजवळ हिंगण्याला.) १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली ती बेडफर्ड होती. पुढे टाटा आणि लेलँडच्या चासींवर एसटीनं स्वतःच्या कार्यशाळांमध्ये बॉड्या बांधल्या. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांनी ज्या गाडीतून शाळा, लग्नं आणि बदल्या केल्या, ती गाडी अशी दोन घरची होती.

त्या काळच्या मीटरची रचना साधी होती. ऑटो शुल्झे नावाच्या जर्मन माणसानं १९०२ साली पेटंट घेतलेलं तत्त्वच जवळपास शंभर वर्षं जगभर चाललं. गिअरबॉक्समधून एक लवचिक केबल येते, ती मीटरमधलं चुंबक फिरवते, चुंबकाभोवतीची ॲल्युमिनियमची वाटी त्याच्यामागे ओढली जाते आणि एक बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जिथे स्थिरावते तिथे काटा दिसतो. केबल कोरडी पडली की काटा थरथरतो, तुटली की शून्यावर झोपतो. अनेक जुन्या बसमध्ये काटा असा झोपलेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. ड्रायव्हरला त्याचं विशेष काही वाटायचं नाही. इंजिनचा आवाज, गिअर आणि खिडकीबाहेरची झाडं यांवरून त्याला वेग कळायचा आणि तो फारसा चुकायचा नाही. पण इंजिनचा आवाज मोठा आणि वेग कमी होता तोवरच हे जमत होतं.

रात्रीची गोष्ट वेगळी. डायलच्या मागे एखाद-दुसरा छोटा बल्ब, त्यावर हिरवी टोपी. बल्बाजवळचे आकडे उजळ आणि लांबचे अंधारात. बसची पुढची काच मोठी आणि जवळपास उभी असते, त्यामुळे मीटरचा उजेड काचेत उमटतो आणि समोरच्या काळोखात हिरवट ठिपका तरंगत राहतो. म्हणून ड्रायव्हर मीटरवर फडकं टाकत. मीटर दिसावं म्हणून दिवा दिलेला आणि रस्ता दिसावा म्हणून तो झाकलेला! मीटरवर पुरेशी पुढे आलेली झाप असती तर दोन्ही साधलं असतं. पण झाप डॅशबोर्डचा भाग आणि डॅशबोर्ड बॉडीवाल्याचा.

कायदा याबाबत काय म्हणतो, हे मी नोकरीत असताना पहिल्यांदा वाचलं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११७ वा नियम वेगमापकाचा. त्यामागे भारतीय मानक ११८२७ आहे आणि संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम जगभर त्याच विषयाचा. काट्याच्या अचूकतेबद्दल त्या ३९ क्रमांकाच्या नियमात एक सूत्र आहे: मीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक ४ किलोमीटर, इथपर्यंतच. म्हणजे गाडी खरोखर ८० नं जात असेल तर काटा ८० ते ९२ च्या दरम्यान हवा. ही चाचणी कशी घ्यायची, टायरमध्ये हवा किती, कुठल्या वेगांवर तपासायचं, सगळं लिहिलेलं. दिसण्याबद्दल मात्र एक वाक्य आहे. मीटर चालकाच्या थेट दृष्टिक्षेत्रात असावं आणि दिवसा व रात्री स्पष्ट वाचता यावं. हा चालक कोण, किती उंच, किती वयाचा, हे त्या वाक्यात नाही.

आणि ज्याला सूत्र आहे त्याचीच तपासणी होते. आमच्या लाइनवर प्रत्येक मीटर ठरलेल्या वेगांवर तपासलं जाई. काटा रेषेच्या किती अलीकडे-पलीकडे, कुठल्या दिव्यातून उजेड गळतो का, छपाईत ठिपका आहे का. वॉरंटीत परत आलेली मीटरं एका वेगळ्या टेबलावर येत. त्यातल्या काहींच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असे, 'मीटर दिसत नाही'. आम्ही ते जोडायचो, दिवा लागायचा, काटा बरोबर फिरायचा. मग शेरा मारायचा: एनटीएफ. 'नो ट्रबल फाउंड', दोष आढळला नाही. टेबलावर ठेवलेल्या मीटरसमोर आपण हवं तसं वाकून बघतो, तिथे ते दिसणारच. न दिसण्याचा दोष मीटरमध्ये नसतो. तो डोळा, स्टेअरिंग आणि मीटर या तिघांच्या मधल्या अंतरांत असतो आणि ती अंतरं कुठल्याच पार्सलमध्ये भरून परत येत नाहीत.

ही अंतरं मोजायचा पहिला गंभीर प्रयत्न अमेरिकेत झाला. फोर्ड कंपनीतल्या जेम्स मेल्ड्रम यांनी १९६५ च्या सुमारास गाडीत बसलेल्या ड्रायव्हरांच्या डोळ्यांच्या जागा नोंदवल्या. सगळे ठिपके एकत्र मांडल्यावर त्यांचा आकार लंबवर्तुळासारखा दिसला आणि 'आय' व 'इलिप्स' जोडून त्याला 'आयलिप्स' असं नाव पडलं. आजही डॅशबोर्डचं ड्रॉइंग करताना हे लंबवर्तुळ आधी काढतात आणि तिथून मीटरकडे रेषा ओढतात. पण ते डोळे अमेरिकेत गाडी चालवणाऱ्यांचे. भारतीय शरीरांच्या मापांचं देबकुमार चक्रवर्ती यांचं पुस्तक अहमदाबादच्या एनआयडीनं प्रसिद्ध केलं ते १९९७ साली, म्हणजे पुण्यात ट्रक बनायला लागून वीस वर्षं झाल्यावर. तोवर आपला ड्रायव्हर कागदावर परकाच होता. सीटवर दोन घड्यांची गोधडी टाकून त्यानं आपला प्रश्न आपणच सोडवलेला.

गाडी पूर्ण एकाच कंपनीची असली की हा प्रश्न सुटतो का? याचं उत्तर पिंपरीतच मिळालं, आणि ते गमतीशीर आहे.

मीटर स्टेअरिंगमागे न ठेवता डॅशच्या मधोमध ठेवायची कल्पना जुनी. विलीस जीपमध्ये मीटरं मधे होती आणि आपल्याकडच्या महिंद्रा जीपमध्येही. १९५९ च्या मूळ मिनीत एकच मोठा गोल मीटर मधोमध होता. यात कारखान्याची सोय असते, डाव्या आणि उजव्या स्टेअरिंगच्या गाड्यांना एकच डॅश चालतो. चाळिशीनंतरच्या डोळ्यांसाठीही एक मुद्दा बाजूनं आहे. मधलं मीटर डोळ्यांपासून जरा लांब असतं, त्यामुळे रस्त्यावरून मीटरवर नजर आणताना डोळ्याच्या भिंगाला कमी कसरत करावी लागते. आणि स्टेअरिंगची कड आड येत नाही. हे फायदे खरे आहेत. पण दर वेळी मान डावीकडे वळवावी लागते आणि सवय नसलेल्या माणसाला स्टेअरिंगमागची रिकामी जागा खटकत राहते.

२००८-०९ या काळात आपल्या पट्ट्यात या कल्पनेला एकदम भरती आली. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाला तो शेवर्ले स्पार्क घेऊन, आणि स्पार्कचं मीटर मधोमध. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये टाटांची इंडिका व्हिस्टा आली, तिचंही मधे. नॅनो जानेवारी २००८ मध्ये दाखवली गेली आणि मार्च २००९ मध्ये बाजारात आली. पश्चिम बंगाल सोडून ती गुजरातेत साणंदला गेली, पण तिची आखणी पुण्यातलीच, आणि तिचंही मीटर मधे. नॅनोत प्रत्येक रुपया मोजला जात होता, त्यामुळे तिथे कारण शोधावं लागत नाही. व्हिस्टाचं मात्र लोकांना पटलं नाही. मूळ इंडिकात मीटर नेहमीच्या जागी होतं. त्या गाडीवर हात बसलेला माणूस व्हिस्टात बसला की त्याची नजर दर खेपेला रिकाम्या प्लास्टिकवर जाई. जानेवारी २०१३ मध्ये व्हिस्टाची डी-९० आवृत्ती आली, तेव्हा मीटर पुन्हा स्टेअरिंगमागे आलेलं होतं. मांझा या त्याच घराण्यातल्या सेडानचा डॅश तिला बसवला.

या दुरुस्तीला साडेचार वर्षं लागली. हे उशिराचं वाटेल, पण डॅशबोर्ड बदलणं म्हणजे मोठमोठे साचे, वायरिंग, एसीचे मार्ग आणि पुन्हा सगळ्या चाचण्या. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की, तक्रार कुणाकडे करायची हे ठरलेलं होतं. सीट त्यांची, स्टेअरिंग त्यांचं, मीटर त्यांचं. बोट दाखवायला दुसरं कुणी नव्हतं.

बसच्या बाबतीत बोट दाखवायला कायम कुणीतरी असतं. बस बॉडी कोड, म्हणजे एआयएस-०५२, आल्यावर बॉडी बांधणाऱ्यांवर पहिल्यांदा नीट बंधनं आली आणि चालकाच्या जागेचा विचार कागदावर आला. पण तोवर एक नवीन प्राणी रस्त्यावर अवतरत होता: मोटरहोम.

त्याचं मूळही याच पट्ट्यात सापडतं. १९५८ साली न. कि. फिरोदियांनी जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या साथीनं बजाज टेम्पो सुरू केली. तिच्या तीनचाकीमुळे 'टेम्पो' हा शब्द मराठीत इतका मुरला की आता कुठल्याही कंपनीचा छोटा मालट्रक टेम्पोच असतो. १९६९ मध्ये मॅटाडोर आली, १९८७ मध्ये मर्सिडीजच्या जुन्या व्हॅनवर आधारलेली ट्रॅव्हलर. आकुर्डीत मुख्यालय असलेली ही कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स म्हणून ओळखली जाते. अष्टविनायक, शिर्डी आणि लग्नाचं वऱ्हाड यांच्या पलीकडे ट्रॅव्हलरचा आणखी एक उपयोग झाला. आत उभं राहता येईल इतकी उंच व्हॅन म्हणून पलंग, ओटा आणि शौचालय बसवणाऱ्यांना ती सोयीची पडली. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक झालं आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. हौशी लोकांनी गाड्या बांधून घ्यायला सुरुवात केली.

त्यांत माझा मावसभाऊही होता. आम्ही त्याला दादा म्हणतो. निवृत्तीनंतर त्यानं एका कंपनीची (नाव सांगत नाही, ट्रॅव्हलरच असेल असं समजू नये) व्हॅन घेतली आणि एका कारागिराकडून तिचं घर करून घेतलं. पहिल्या कोकण दौऱ्यानंतर त्याचा फोन आला. "अरे, तू मीटरवाला ना? माझं मीटर दिसत नाही." मी विचारलं, दिवा लागत नाही का? "सगळं लागतं. पण नेमकं ऐंशीच्या आसपास काटा गायब होतो. मग मी तुझ्या वहिनीला विचारतो, किती आहे गं, आणि ती वाकून सांगते."

वहिनी सांगायची तो आकडा नेहमी जरा जास्त असायचा, यावरून त्यांची भांडणं. यात वहिनीची चूक नव्हती. काटा डायलच्या थोडा पुढे असतो. डाव्या सीटवरून बघितलं की तो उजवीकडे सरकलेला दिसतो आणि वरच्या बाजूला उजवीकडे म्हणजे जास्त वेग. आपल्या देशात शेजारी बसणाऱ्याला गाडी खरोखर जोरात जाताना दिसते.

मी टेप घेऊन गेलो. कारागिरानं ड्रायव्हरची सीट मागे फिरावी म्हणून तिच्याखाली फिरकीची तबकडी बसवली होती. जेवायच्या वेळी सीट वळवली की चौघांची बैठक होते, फार छान सोय. त्या तबकडीनं सीट ६ सेंटीमीटर उंच झाली होती. डोळ्यापासून मीटर साधारण ७५ सेंटीमीटर आणि स्टेअरिंगची कड मीटरच्या २५ सेंटीमीटर अलीकडे. डोळा ६ नं वर गेला की नजरेची रेषा कडेपाशी २ सेंटीमीटर वर सरकते. कड स्वतः ३ सेंटीमीटर जाड. आधी तिच्या खालून दिसणारा डायलचा माथा आता बरोबर तिच्यामागे गेला होता. शून्य ते एकशेसाठच्या डायलवर माथ्याला असतात ८०. हायवेवर काटा जिथे सगळ्यात जास्त वेळ असतो तोच तुकडा झाकलेला आणि ३० व १३० व्यवस्थित दिसतात. घाट उतरताना पासष्ट वर्षांचा माणूस वेग बघायला मान खाली घालत होता, म्हणजे रस्त्यावरून पूर्ण नजर काढत होता.

कारागिराकडे गेलो. तो म्हणाला, "काका, मीटर कंपनीचं आहे. आम्ही हात लावला तर तुमची वॉरंटी जाईल." सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. तिथला तरुण मुलगा फार नम्र होता. "सर, सीट आमची राहिलेली नाही ना." दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. चार दशकांपूर्वी फळीवर बसून चासी घेऊन जाणाऱ्या माणसानं विचारलं असतं तर त्यालाही हीच दोन उत्तरं मिळाली असती.

युरोपात यावर उत्तर निघालं ते मूळ गाडी बनवणाऱ्यांच्या बाजूनं. तिथली बरीच मोटरहोम फियाट डुकाटोवर बांधतात आणि फियाट कॅम्परसाठी वेगळी गाडीच देते, फिरत्या सीटा कारखान्यातूनच बसवून. जुन्या गाड्यांसाठी फिरकीखाली बसणारं बुटकं खोकंही तिथल्या बाजारात मिळतं, म्हणजे तबकडीनं वाढवलेली उंची खोक्यात कापली जाते. आपल्याकडे एखाद्या कंपनीनं कॅम्परसाठी अशी चासी द्यायची तर गाड्यांची संख्या हवी, आणि ती अजून तुटपुंजी आहे.

चाकणला आता दुसरंच काही चाललं आहे. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेच्या गाड्या तिथे बनतात. त्यांत काटाच नाही, १२.३ इंची पडदे एका रांगेत आणि वरच्या आवृत्त्यांत वेग थेट पुढच्या काचेवर उमटतो. आकडा कडेमागे गेला तर सॉफ्टवेअरनं तो दुसरीकडे सरकवता येईल, हे या पडद्यांचं मोठं सुख. काही पडदे ठरावीक गॉगलमधून काळे दिसतात, हे त्यांचं नवं दुखणं. मीटरं बनवणाऱ्या आमच्यासारख्यांच्या लाइनवर काटा दाबून बसवणाऱ्या बायकांचं कसब त्यात उरलं नाही, याचं मला वाईट वाटतं. पण मोटरहोम ज्यांवर बांधतात त्या व्हॅनमध्ये हे सगळं यायला वेळ आहे.

दादाच्या गाडीत मी आधी सोपे उपाय करून पाहिले. स्टेअरिंग वरखाली होणारं नव्हतं. सीटची गादी पातळ करून २ सेंटीमीटर मिळाले, पण पाठ दुखायला लागली. मोबाइलवर जीपीएसचा वेग लावला, तर बोगद्यात तो अडकायचा. सीटचं खोकं कापा असं मी कुणाला सांगणार नाही, कारण अपघातात सीट जमिनीला धरून ठेवणारं तेच असतं आणि त्याची ताकद तपासलेली असते. शेवटी ड्रायव्हरच्या डोळ्याच्या उंचीवरून काढलेले फोटो आणि मोजमापांचा एक कागद मी दोघांनाही पाठवला. कारागीर भला माणूस निघाला. त्यानं ड्रायव्हरच्या बाजूची फिरकी काढून मूळ सीट होती तशी बसवून दिली, फक्त शेजारच्या सीटची ठेवली. आता जेवायला चौघांच्या जागी तिघं बसतात आणि दादा पलंगाच्या कडेवर ताट घेतो.

गाडीच्या कंपनीचं पत्र त्यानंतर महिनाभरानं आलं. मीटर तपासलं, दोष आढळला नाही, असं त्यात लिहिलं होतं.